टीकिंटरमध्ये पहिला प्रोग्रॅम करताना या चुका टाळा

माझी भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताईच्या भिशीचा हिशोब वहीतून लॅपटॉपवर आणायचा म्हणून तिने दिवाळीच्या सुट्टीत पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला घेतला, तोही टीकिंटर ही विंडो आणि बटणं बनवायची लायब्ररी वापरून. बारा जणी, महिन्याला प्रत्येकीचे 2,000 रुपये, म्हणजे जिचा नंबर लागेल तिला 24,000. विंडो उघडली, नाव टाकायची चौकट आली, ‘जमा’ असं बटणही आलं. पण बटण दाबलं की काहीच होईना. "मामा, बटण आत जातं, वर येतं, पण पुढे काहीच नाही." मी तिला मागे उघडं असलेलं टर्मिनल, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू केला ती मजकुराची खिडकी, बघायला सांगितलं. तिथे ‘पैसे जमा झाले’ ही ओळ आलेली होती, आणि ती तिने बटणाला हात लावायच्या आधीपासून होती.

तिने बटण तयार करताना कमांडमध्ये फंक्शनचं नाव कंसासकट दिलं होतं: कमांड = जमा(). कंस दिले की पायथन ते फंक्शन त्याच क्षणी चालवतो आणि त्यातून जे परत येईल ते बटणाला देतो. फंक्शनातून काहीच परत येत नसेल तर बटणाच्या हाती ‘नन’ लागतं, म्हणजे काही नाही. लिहायला हवं होतं नुसतं कमांड = जमा. नाव द्यायचं, कंस नाहीत. फंक्शन कधी चालवायचं ते बटण ठरवेल. (कोडमधले शब्द मी इथे उच्चारतो तसे लिहिले आहेत, टाइप करताना ते रोमनमध्येच करा.)

या लेखातल्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. कॉलेजात जे पहिले प्रोग्रॅम लिहिले जातात ते वरून खाली चालतात आणि संपतात. विंडोचा प्रोग्रॅम वरून खाली एकदाच जातो, विंडो मांडून ठेवतो आणि मग मेनलूप नावाच्या फेऱ्यात शिरून वाट बघत बसतो. कोणी क्लिक केलं, कीबोर्डवरची कळ दाबली, विंडो ओढली, की तो फेरा त्या घटनेला जोडलेलं फंक्शन बोलावतो आणि पुन्हा वाट बघायला लागतो. म्हणून अडलात की स्वतःला विचारा: मी लिहिलेली ही ओळ नेमकी कधी चालणार आहे?

मेनलूपची ओळ विसरण्याचंच बघा. टर्मिनलमधून चालवलं तर विंडो क्षणभर लुकलुकते आणि जाते, कारण प्रोग्रॅम तिथेच संपतो. आयडल या पायथनसोबत येणाऱ्या एडिटरमध्ये मात्र तोच कोड ओळ नसतानाही चालतो, कारण आयडल स्वतः टीकिंटरमध्येच लिहिलेलं आहे आणि घटना सांभाळण्याचं काम ते पार्श्वभूमीला करत असतं. मग ‘माझ्याकडे चालतं, सरांकडे चालत नाही’ असा प्रकार होतो. उलट बाजूने, मेनलूप मध्येच लिहून त्याच्या खाली आणखी बटणं जोडली तर ती दिसतच नाहीत, कारण विंडो बंद होईपर्यंत ती ओळ पुढे सरकत नाही. मेनलूप फाइलच्या शेवटी, आणि एकदाच.

तसंच चौकटीतला मजकूर वाचण्याचं. चौकट तयार केली आणि लगेच खालच्या ओळीत गेट (मजकूर वाचून देणारं फंक्शन) लावलं, तर हाती रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर येतो. अजून कोणी काही टाइपच केलेलं नाही. गेट हे बटणाच्या फंक्शनात हवं.

बारा बटणं, एकच नाव

भाचीने पुढे हुशारी केली. नाव टाइप करण्यापेक्षा प्रत्येकीच्या नावापुढे एक बटण ठेवू, म्हणजे ताईला फक्त क्लिक करावं लागेल. फॉर लूप लावला, बारा नावांवरून फिरला, प्रत्येक फेरीत एक बटण, आणि कमांडला लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं छोटं फंक्शन): लॅम्डा: जमा(नाव). बारा बटणं आली. कुठलंही दाबा, पैसे यादीतल्या शेवटच्या काकूंच्याच खात्यावर जमा! दोन तास ती यादी तपासत होती, नावं नीट होती, लूप नीट होता.

इथेही प्रश्न तोच, कधी? लॅम्डाच्या आतलं ‘नाव’ हे बटण बनताना वाचलं जात नाही, दाबताना वाचलं जातं. तोपर्यंत लूप संपलेला असतो आणि त्या व्हेरिएबलमध्ये शेवटचं नाव उरलेलं असतं. बाराही लॅम्डा त्याच एका व्हेरिएबलकडे बघतात. उपाय छोटा आहे: लॅम्डा नाव=नाव: जमा(नाव). असं लिहिलं की त्या घडीचं नाव त्या लॅम्डाच्या डीफॉल्ट किमतीत बांधलं जातं. पायथनच्या फंकटूल्स लायब्ररीतलं पार्शिअल वापरलं तरी हेच काम होतं आणि वाचायला ते जास्त स्पष्ट वाटतं. मी नव्या मुलांना तेच शिकवतो. ही चूक कधीच एरर देत नाही, म्हणून हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये ती मला सगळ्यात जास्त धोक्याची वाटते. शेवटचं बटण दाबून बघितलं तर ‘चालतंय’ असं वाटतं. नेहमी पहिलं आणि मधलं बटणही दाबून बघा.

विंडो गोठते तेव्हा

तिसरी हाक आली ती ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ची. पावती जमा झाल्यावर हिरवा संदेश तीन सेकंद दाखवायचा आणि मग पुसायचा, म्हणून तिने टाइमचं स्लीप, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं फंक्शन, वापरलं होतं. झालं असं की संदेश दिसलाच नाही, विंडो तीन सेकंद दगड झाली आणि शेवटी सगळं पुसलेलं समोर आलं. बटणाचं फंक्शन चालू असेपर्यंत मेनलूप थांबलेला असतो, आणि पडद्यावर रंगकाम करणं हेही मेनलूपचंच काम आहे. विंडोजमध्ये एखाद्या विंडोने 5 सेकंद घटना उचलल्या नाहीत की सिस्टीम तिला गोठलेली समजते.

टीकिंटरमध्ये थांबायचं नसतं, निरोप ठेवायचा असतो. आफ्टर(3000, पुसा) याचा अर्थ 3,000 मिलिसेकंदांनी पुसा हे फंक्शन बोलाव, तोवर मी मोकळा. इथेही पुसाला कंस नाहीत. घड्याळ, उलटी मोजणी, हलणारा चेंडू हे सगळं आफ्टरवर होतं. फंक्शनने शेवटी स्वतःसाठीच पुढचा निरोप ठेवायचा. व्हाइल ट्रू लूपची गरजच पडत नाही.

काम खरंच मोठं असेल, म्हणजे इंटरनेटवरून काही आणायचं आहे किंवा शेकडो फाइल वाचायच्या आहेत, तर ते वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यात, टाका. पण त्या थ्रेडमधून थेट लेबल बदलू नका. कधी चालेल, कधी अचानक अडकेल. थ्रेडने निकाल क्यूमध्ये (रांगेत) टाकावा आणि मुख्य प्रोग्रॅमने दर 100 मिलिसेकंदांनी आफ्टरने ती क्यू बघावी. लूपच्या आत अपडेट (साठलेल्या घटना तिथल्या तिथे उरकणारं फंक्शन) बोलावण्याचा जो झटपट उपाय सांगितला जातो, तो मी टाळतो. त्या अपडेटमध्ये वापरणाऱ्याने तेच बटण पुन्हा दाबलं तर पहिलं काम अर्धवट असताना दुसरं सुरू होतं, आणि पैशांच्या नोंदीत हे परवडत नाही. काम सुरू झालं की बटण डिसेबल करा, संपलं की परत चालू करा.

छोट्या पण रोजच्या

चौकट = एंट्री(रूट).पॅक() अशी एका ओळीत लिहिलेली चौकट दिसते छान, पण गेट केलं की ‘नन-टाइपला गेट नाही’ असा एरर येतो. पॅक चौकट विंडोत मांडतं, पण काहीच परत देत नाही, म्हणून व्हेरिएबलमध्ये चौकट राहतच नाही. दोन ओळी करा: आधी तयार करा, मग मांडा. ओळी-रकान्यांत मांडणाऱ्या ग्रिडलाही हेच लागू.

एका फ्रेममध्ये (घटक एकत्र ठेवायच्या कप्प्यात) पॅक आणि ग्रिड एकत्र वापरू नका. जुन्या आवृत्त्यांमध्ये दोघांची ओढाताण होऊन प्रोग्रॅम कायमचा अडकायचा, टीके (टीकिंटरच्या खाली चालणारी मूळ लायब्ररी) 8.6 पासून स्वच्छ एरर येतो. वेगवेगळ्या फ्रेममध्ये मात्र दोन्ही खुशाल वापरा. फॉर्मसाठी ग्रिड घ्या. आणि विंडो मोठी केल्यावर आतलं सगळं कोपऱ्यात चिकटून राहत असेल तर स्टिकी (घटक कुठल्या कडांना चिकटवायचा ते) दिलंत की नाही तेवढंच बघू नका. कॉलमला वेट (वाढीव जागेतला वाटा) दिलेलं नसेल तर जागा वाढतच नाही आणि स्टिकीला ताणायला काही उरत नाही.

चित्राची जागा रिकामी दिसते, एरर नाही? फंक्शनच्या आत फोटोइमेज बनवलीत, फंक्शन संपलं, व्हेरिएबल गेलं, पायथनने चित्र आवरून टाकलं. लेबल स्वतः त्या चित्राला धरून ठेवत नाही. लेबल.इमेज = चित्र ही एक ओळ लिहून त्याला धरून ठेवा. शिवाय फोटोइमेज पीएनजी आणि जिफ वाचते, जेपेग नाही. त्यासाठी पिलो ही चित्रांची लायब्ररी बसवावी लागते.

रकमांचं म्हणाल तर चौकटीतून नेहमी स्ट्रिंग येते. 2000 अधिक 2000 केलं की 20002000 होतं. इंट लावा, पण ताई ‘2,000’ असा स्वल्पविराम देऊन टाइप करते आणि इंट तिथे व्हॅल्यू एरर देतो. आधी रिप्लेसने स्वल्पविराम काढा, स्ट्रिप लावा, आणि मग ट्राय-एक्सेप्ट. ‘२०००’ असं देवनागरीत टाकलं तर? पायथनचा इंट ते बिनतक्रार 2000 म्हणून घेतो. ताईने देवनागरी कीबोर्डवर रक्कम टाकली आणि ती चालली, तेव्हा भाचीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुसरी विंडो हवी असेल तर पुन्हा टीके() लिहू नका, टॉपलेव्हल वापरा. टीके() ने बनलेल्या दोन मुख्य विंडो (रूट) झाल्या की स्ट्रिंगव्हार (चौकटीतला मजकूर धरून ठेवणारं व्हेरिएबल) पहिलीला चिकटतं आणि दुसऱ्या विंडोतली चौकट रिकामीच राहते.

एरर दिसतच नाही, किंवा कळत नाही

बटणाच्या फंक्शनात एरर आला तरी विंडो बंद पडत नाही; तपशील टर्मिनलवर छापून मेनलूप पुढे चालू राहतो. विंडोजवर फाइलच्या नावाशेवटी पीवायडब्ल्यू असेल तर टर्मिनलच नसतं, म्हणजे एरर हवेत विरतो. म्हणून शिकताना प्रोग्रॅम कायम टर्मिनलमधून चालवा. दुसऱ्याला देताना रूटच्या रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन या जागी स्वतःचं फंक्शन बसवा, जे मेसेजबॉक्समध्ये चूक दाखवेल आणि फाइलमध्येही लिहील. भाचीच्या प्रोग्रॅममध्ये हे बसवल्यापासून ताई फोनवर ‘चालत नाहीये’ एवढंच न म्हणता एररचा फोटो पाठवते.

एररची भाषा परकी वाटते त्याला कारण आहे. टीके मुळात पायथनचं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत जॉन ओस्टरहाउट यांनी टीसीएल ही भाषा आणि तिच्यासाठी टीके तयार केलं. टीकिंटर हा पायथनला त्याच्याशी जोडणारा दुवा आहे. त्यामुळे टिंब आणि उद्गारचिन्हासकट येणारं ‘.!फ्रेम.!एंट्री2’ हे त्या फ्रेममधल्या दुसऱ्या चौकटीचं टीसीएलकडचं नाव असतं. ‘इनव्हॅलिड कमांड नेम’ आलं तर बहुधा विंडो बंद झाली आहे आणि आफ्टरचा एखादा निरोप मागे उरला आहे. बंद करताना आफ्टर_कॅन्सल करा.

आणि फाइलला टीकिंटर असं नाव देऊ नका. पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि ‘टीके नावाचं काही सापडत नाही’ म्हणतो. तारांकित इम्पोर्टही सोडा. टीकिंटरमधून सगळं आणि मग टीटीके या त्याच्याच नव्या रूपाच्या घटकांच्या भागातून सगळं आणलंत की बटण गुपचूप टीटीकेचं होतं आणि बीजी हा रंगाचा पर्याय नाकारला जातो. पिलोच्या इमेजचीही अशीच गफलत होते.

लायब्ररीच सापडत नसेल तर आधी टर्मिनलमध्ये पायथनला एम पर्यायासह टीकिंटर चालवायला सांगा. छोटी विंडो आली आणि तिच्यात आवृत्ती दिसली तर सगळं ठीक. उबंटूवर ती आली नाही तर पायथन3-टीके हे पॅकेज ॲप्टने बसवावं लागतं; पिपने ते येत नाही.

मराठी मजकूर

नावं मराठीत ठेवायची असतील, आणि ठेवावीतच, तर दोन ठिकाणी सांभाळा. लिनक्सवर टीके 8.6 देवनागरी नीट जुळवत नाही: जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. फॉन्ट बदलून हे जात नाही, दोष तुमच्या कोडचा नाही. लिनक्सवरच मराठी हवी असेल तर पायसाइडकडे, म्हणजे क्यूटी या विंडो बनवायच्या दुसऱ्या लायब्ररीकडे वळा. ताईचा लॅपटॉप विंडोजचा असल्याने आमचं निभावलं.

दुसरं, फाइल. विंडोजवर ओपन करताना एन्कोडिंग दिलं नाही तर मराठी नाव लिहिताना ‘चारमॅप’चा एरर येतो. एन्कोडिंग यूटीएफ-8 द्या, लिहिताना आणि वाचतानाही. भिशीची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर यूटीएफ-8-सिग (फाइलच्या सुरुवातीला ओळखीची खूण टाकणारं यूटीएफ-8) द्या. साध्या यूटीएफ-8 मधली फाइल दोनदा क्लिक करून उघडली की एक्सेल नावांच्या जागी भलतीच चिन्हं दाखवतं, आणि अशी फाइल एक्सेलमध्येच सेव्ह केली तर मूळ नावं परत मिळत नाहीत. आमच्याकडे कार्तिक महिन्याची नोंद अशीच गेली होती. ती वहीवरून पुन्हा भरावी लागली.