सुपरहिरोला किल्लारीच्या पहाटे पाठवण्यापूर्वी

सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये कालप्रवास लिहिणाऱ्याने यंत्राच्या रेखाटनात आठवडा घालवू नये. अमेरिकी कॉमिक प्रकाशक मार्व्हलच्या डॉक्टर डूम या खलनायकाने १९६२ साली फॅन्टॅस्टिक फोर या नायकांच्या चौकडीतल्या तिघांना एका चबुतऱ्यावर उभे करून भूतकाळात धाडले. दुसरा प्रकाशक डीसी, त्याचा अतिवेगवान नायक फ्लॅश ट्रेडमिलवर धावून तेच साधतो. तेवढे एका चौकटीत उरकते. भूतकाळात जाऊन काही बदलता येते का, आणि बदलले तर त्याची किंमत कोण मोजणार, हे मात्र पहिले पान काढण्यापूर्वी ठरवावे लागते.

मार्व्हलचा रूढ नियम, अपवाद सोडल्यास, असा की भूतकाळात ढवळाढवळ झाली की वेगळा कालप्रवाह फुटतो आणि जुना तसाच राहतो. हा नियम सोयीचा खरा, पण नायक ज्या दुःखातून निघाला त्याच दुःखात परत येतो आणि वाचक विचारतो, मग गेला कशाला? मला डीसीच्या २०११ च्या ‘फ्लॅशपॉइंट’ या कथेची रीत अधिक पटते. तिथे बॅरी ॲलन, म्हणजे फ्लॅशच, भूतकाळात जाऊन आईला वाचवतो, तर सगळे जगच बिघडून बसते आणि केलेले त्यालाच निस्तरावे लागते.

आता ही रीत आपल्या मातीत लावून पाहू. लातूरची एक नायिका ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेकडे निघते. भूकंप ३ वाजून ५६ मिनिटांनी होणार आहे आणि गणपती विसर्जन आटोपून किल्लारी गाव गाढ झोपले आहे. जागेचा हिशेब इथे चुकवू नये: भूकंपानंतर किल्लारी नव्या ठिकाणी वसली, त्यामुळे आजच्या किल्लारीतल्या एखाद्या अंगणातून निघालेली मुलगी त्या रात्री रानात उतरेल आणि जुन्या गावापर्यंत तिला धावावे लागेल. आभाळ मोकळे दाखवल्यास जवळजवळ पूर्ण चंद्र पश्चिमेला कललेला हवा. वाटेत एसटीची पाटी काढली तर तिच्यावर ‘धाराशिव’ नव्हे, ‘उस्मानाबाद’ लिहावे. असल्या पाटीवर चूक झाली की आपल्याकडचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

तिची ताकद मर्यादितच ठेवावी. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा थर यांखाली माणसे दबली. ती एक माळवद खांद्यावर तोलील, पण साऱ्या गावाची नाही. भूकंप थांबवता येत नाही, फक्त माणसांना उठवता येते, आणि मिरवणुकीच्या रात्री “बाहेर या” म्हणून ओरडणाऱ्या अनोळखी पोरीवर कोण विश्वास ठेवणार? या अविश्वासाला निदान दोन पाने द्यावीत.

राहिली किंमत. तिचे आजोबा त्या पहाटे गेले, म्हणून पोरकी झालेली आई मावशीकडे लातूरला आली आणि तिथेच तिचे लग्न झाले, असे ठेवावे. आजोबा वाचले तर आई गावातच राहील आणि ही मुलगी जन्मालाच येणार नाही. हे नायिकेला ठाऊक असावे, पण संवादाच्या फुग्यात तिच्या तोंडी घालू नये. शेवटच्या चौकटीत ती कडी वाजवते, आजोबा कंदील घेऊन दार उघडतात आणि आपल्याकडे कोणीही विचारील तेच विचारतात: “कुणाची गं तू?”