मुरगळलेला घोटा पुन्हा उडी मारण्याजोगा कसा करावा

व्हॉलीबॉलमध्ये घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा जाळीखालीच. स्मॅश किंवा ब्लॉकसाठी घेतलेल्या उडीवरून खाली येताना पाय जमिनीऐवजी कोणाच्या तरी बुटावर पडतो, पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ताणले जातात किंवा फाटतात. पुढील मजकूर अशाच दुखापतीविषयी आहे.

पहिल्या दिवशी हाड मोडले आहे का, एवढेच पाहावे. कॅनडातील ओटावा येथे 1992 साली मांडलेले निकष यासाठी आजही वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या टोकाला किंवा त्यांच्या मागच्या कडेला खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी असलेल्या उंचवट्यावर, अथवा आतल्या कमानीच्या माथ्यावरील हाडावर दाबल्यास दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. हाड शाबूत असेल तर क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर उंच ठेवावा आणि ठणका असेल तेव्हा बर्फ लावावा. गरम तेलाने पाय चोळून देणारे एक काका प्रत्येक मैदानावर असतात; त्यांना नमस्कार करावा, पाय मात्र त्यांच्या हाती देऊ नये. दुखणे सोसेल तसे चालायला लागावे आणि नंतर टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू करावा.

खरी अडचण सूज उतरल्यानंतर सुरू होते. माझा घोटा पहिल्यांदा मुरगळला तेव्हा सोळाव्या दिवशी मी जिने धावत चढत होतो, म्हणून त्याच संध्याकाळी खेळायला उतरलो आणि सपाट जमिनीवर, कोणाच्याही पायावर न पडता, तोच घोटा पुन्हा मुरगळून घेतला. ‘दुखत नाही ना, मग खेळ’ या सल्ल्याचा मला तेव्हापासून राग आहे.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा व्यायाम मनापासून होत नाही. घोट्यातील टेलस हे हाड पुढून रुंद आणि मागे निमुळते असते. पाऊल नडगीकडे ओढलेले असते तेव्हा ते वरच्या हाडांच्या खोबणीत घट्ट बसते. बोटे खाली लोंबली की सैल पडते, आणि मग बाहेरच्या उंचवट्यापासून पुढे जाणाऱ्या अस्थिबंधावर भार येतो. बाहेरच्या तीन अस्थिबंधांपैकी हाच सर्वांत कमजोर असल्यामुळे बहुधा तोच आधी फाटतो. उडीत आपली बोटे नेमकी अशीच खाली लोंबत असतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूने उतरणारे पेरोनियल स्नायू पाऊल सावरू शकतात, परंतु पाऊल अचानक वळल्यावर त्यांना जागे व्हायलाच साधारण 60 ते 90 मिलिसेकंद लागतात आणि जोर धरायला आणखी थोडा वेळ. तोवर पाऊल वळून गेलेले असते. म्हणून आपण हवेत असतानाच ते स्नायू आवळलेले असले पाहिजेत, आणि आपण जी सवय लावून घ्यायची ती हीच.

अनवाणी, कडक फरशीवर, भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे. गुडघा किंचित वाकलेला असावा आणि भार टाच, अंगठ्याचे मूळ व करंगळीचे मूळ या तिन्ही ठिकाणी असावा. बोटांची नखे पांढरी पडत असतील तर तुम्ही बोटांनी फरशी धरून ठेवली आहे. ती फसवणूक होय. असे 30 सेकंद जमले की डोळे मिटून करावे. मला पहिल्या दिवशी दुखऱ्या पायावर जेमतेम सहा सेकंद उभे राहता आले होते. या टप्प्यावर डुगडुगणारी फळी आणू नये. आधी फरशी जिंकावी.

त्यानंतर त्याच पायावर वीतभर पुढे, मग दोन्ही बाजूंना लहान उडी मारून तीन सेकंद स्थिर थांबावे. हवेत असतानाच बोटे हलकेच नडगीकडे ओढावीत. उतरल्यावर टाच सरकली तर ती उडी मोजू नये, आणि ‘धप्प’ असा आवाज आला तरीही मोजू नये. हे आठवड्यातून तीन दिवस, पंधरा-पंधरा मिनिटे, किमान सहा आठवडे करावे, असे माझे ठाम मत आहे. चौथ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि बहुतेक जण तिथेच सोडतात.

जाळीजवळ परतताना उरलेल्या हंगामात दोरीचा ब्रेस, म्हणजे बुटासारखा नाडीने आवळायचा घोट्याचा आधार, वापरावा. ब्रेसमुळे घोटा दुबळा होतो, या म्हणण्याला आधार नाही. नुसते टेपिंग, म्हणजे घोट्याभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी, अर्ध्या तासाच्या खेळात बरेच सैल पडते.

परतण्यापूर्वी फरशीवर खडूने एक सरळ रेघ ओढावी, एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचे बोट पुढे जितके पोहोचेल तिथे खूण करावी आणि दोन्ही बाजूंची तुलना करावी. दुखऱ्या पायावर उभे राहताना पोहोच 4 सेंटिमीटरहून अधिक कमी पडत असेल, तर त्या दिवशी मी खेळाडूला उभ्याने सर्व्हिस करायला पाठवतो, जाळीजवळ नाही.