पश्चिमेची खिडकी आधी, सोफा शेवटी

पांढऱ्या-करड्या चकचकीत बैठकी मागे पडल्या. सध्या चलती आहे मातकट रंगांची, चुन्याच्या भिंतींची, वेत-बांबूची, जाडसर सुती कापडाची आणि पिवळसर उजेडाची. नागपूरला हे मानवतंही, पण सजावटीच्या चित्रांतलं जसंच्या तसं उचललं तर एप्रिलमध्ये पस्तावाल. त्या चित्रांत कूलर नसतो.

सुरुवात पश्चिमेच्या खिडकीपासून करा. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. एकदा आत शिरलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून बाहेरून बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा पडदा. तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी दोरीने बांधा, नाहीतर मे महिन्याच्या वावटळीत आपटून काड्या तुटतात.

आतून सुती पडदा. खिडकी 5 फूट रुंद असेल तर रॉड 6 फुटांचा, म्हणजे दोन्ही बाजूंना 6-6 इंच जास्त. चुण्या नीट पडायला कापड रॉडच्या दुप्पट, 12 फूट. 48 इंच पन्ह्याचे (रुंदीचे) तीन पट्टे. मधला पट्टा उभा फाडून दोन्ही पल्ल्यांना अर्धा-अर्धा जोडायचा. रॉड जमिनीपासून 7 फुटांवर असेल तर एका पट्ट्याला 84 इंच, वर दुमडीचे 10. तिन्ही मिळून सव्वासात मीटरच्या आत बसतं, तरी गांधीबागेच्या कापडबाजारात पावणेआठ घ्या आणि शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा. कोरं सुती कापड आटतं. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर पडदा जमिनीपासून चार बोटं वर लटकतो.

ज्या खिडकीत कूलर बसतो तिथे मात्र लांब पडदा नकोच. कापड तोंडापुढे आलं की वारा अडतो आणि ओलसर कापडाला वास येतो. कूलरच्या थेट झोतात वेताची खुर्चीही ठेवू नका, बुरशी धरते; एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) कपाटाच्या कडा तर फुगतातच. समोरची खिडकी थोडी उघडी हवी, म्हणजे दमट हवा बाहेर पडते.

चुन्याच्या भिंतीचं काम सगळ्यात जास्त बिघडतं. आधी भिंतीवर पाणी शिंपडा. महाल या जुन्या वस्तीतल्या घराची चुन्याची भिंत ते पिऊन टाकते. बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये पुट्टी आणि प्लास्टिक पेंट असतो, पाणी ओघळून जातं. अशा भिंतीवर चुना पकडच घेत नाही, पापुद्रे सुटतात. तिथे आधी खनिज प्रायमर मारावा लागतो. पाणी पिणारी भिंत हलकी ओली करून रुंद ब्रशने आडवेतिडवे हात मारायचे, पातळ तीन हात, दोन हातांमध्ये एक दिवस. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून एका कोपऱ्यात नमुना लावून दुसऱ्या दिवशी बघा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकायचं. उन्हाळ्यात चुना झपाट्याने सुकतो, नीट मुरत नाही आणि पाठ टेकली की सदऱ्याला पांढरं लागतं. हातमोजे आणि चष्मा घाला, चुना डोळ्यांना वाईट.

उजेडाचं सोपं आहे. 10 बाय 12 च्या बैठकीला 9 वॅटचे तीन एलईडी बल्ब पुरतात: एक भिंतीवर, एक कोपऱ्यात, एक दिवाणाशेजारी. खोक्यावर वॉर्म व्हाइट आणि 2700 ते 3000 केल्विन बघून घ्या. 6500 चा बल्ब मातकट भिंतीला निळसर, आजारी करतो. जुनी ट्यूब काढू नका, वेगळ्या बटणावर राहू द्या. तांदूळ निवडायला तीच लागते.

आता सोफा. गोलसर सोफे छान दिसतात, पण भिंतीला लागत नाहीत आणि लहान बैठकीतली जागा खातात. बुकले या गुठळीदार विणीच्या कापडात इथली धूळ अशी बसते की झटकून निघत नाही. त्यापेक्षा चेन लावलेली, धुता येणारी खोळ घ्या. सोफ्यावर बसायच्या जागेची उंची 17-18 इंच, पुढून पाठीपर्यंतचा खोलपणा 20 ते 22 इंच. 26 इंच खोल सोफ्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय लोंबकळतात आणि उठताना कुणाचा तरी हात लागतो. दुकानात चपला काढून, पाठ टेकून बसा आणि हात न टेकता उठून बघा.