जीआर शेवटून वाचा

मोबाइलवर जीआरची, म्हणजे शासन निर्णयाची, पीडीएफ आली की लोक वरचा ठळक विषय वाचतात आणि ग्रुपवर पुढे ढकलून मोकळे होतात. माझी नोकरी पंचायत समितीत गेली, त्यातला मोठा काळ आवक-जावकच्या टेबलावर. टपाल फोडायचं, शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद करायची, ज्या त्या टेबलाला मार्क करायचं. तिथे लागलेली एक सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. शासन निर्णय हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडते. वरच्या विषयात सरकारला काय मिरवायचंय ते असतं. कुणाला मिळणार, कधीपासून, पैसे कुठल्या खात्यातून आणि द्यायचे कुणी, हा सगळा मजकूर खाली दडलेला असतो.

रेशन कार्डाचा रंग, मुलाच्या दाखल्यावरचं नाव, गल्लीतलं काँक्रीट, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला. विधानसभेत कायदा होतो त्याची बातमी होते, पण यातलं बरंचसं रोजचं जगणं या दोन-चार पानी कागदांवर चालतं. म्हणून ते वाचता यायला हवेत. वकील लागत नाही, थोडा धीर लागतो.

आधी कागद खरा आहे का ते बघा. शेवटच्या परिच्छेदात एक ठरलेलं वाक्य असतं : सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा संकेतांक १८ आकडी असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०२४०३१४ ने सुरुवात असेल तर तो १४ मार्च २०२४ ला टाकलेला. जीआरची तारीख आणि हे आकडे यांत एखाद्या दिवसाचा फरक असला तर मी फार मनावर घेत नाही. पण कागद मे महिन्याचा आणि संकेतांक डिसेंबरचा, किंवा संकेतांकच नाही, तर तो कागद पुढे पाठवू नका. संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शोधा. सापडला तर तिथूनच उतरवून घ्या, कारण फॉरवर्ड झालेल्या प्रतीत मधलं एखादं पान गळालेलं असतं, आणि गळतं ते नेमकं अटींचं.

त्याच्याच खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं असतं. ते वाचून काहींना वाटतं राज्यपालांनी स्वतः लक्ष घातलंय. तसं नसतं. संविधानाच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्य सरकारचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, एवढंच. सही कक्ष अधिकाऱ्याची, अवर सचिवाची किंवा उपसचिवाची असते. मंत्र्यांची सही नाही म्हणून जीआर खोटा, असं म्हणणारे भेटतात. त्यांना हे सांगा.

सहीच्या खाली ‘प्रत’ची यादी. इथे सगळे थांबतात आणि मी इथून सुरू करते. राज्यपालांचे सचिव, मुख्यमंत्र्यांचे सचिव, महालेखापाल, मग खाली सर्व जिल्हाधिकारी, सर्व मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि सगळ्यात शेवटी ‘निवडनस्ती’, म्हणजे मंत्रालयातल्या त्या टेबलावर ठेवायची प्रत. तुमचं ज्या कार्यालयात काम आहे ते या यादीत आहे का? यादी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपाशी थांबत असेल, तर कागद आधी जिल्हा परिषदेत येणार, तिथे त्याला पत्र जोडलं जाणार (‘सोबतच्या शासन निर्णयानुसार कार्यवाही करून अनुपालन अहवाल सादर करावा’, हे वाक्य मला झोपेतही म्हणता येईल), मग पंचायत समिती, मग मासिक सभेत ग्रामसेवकांच्या हातात. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं. एवढ्या पायऱ्या उतरेपर्यंत पेपरात बातमी येऊन शिळी झालेली असते. तुम्ही बातमी वाचून गेलात आणि खिडकीतला माणूस ‘आमच्याकडे अजून काही आलेलं नाही’ म्हणाला, तर तो खोटं बोलतोय असं लगेच धरू नका. तो खरं बोलतोय का, हे तपासायची युक्ती शेवटी सांगते.

आता पैसे. जीआरमध्ये ‘लेखाशीर्ष’ शोधा, म्हणजे खर्च सरकारी हिशेबात कुठल्या खात्यावर टाकायचा त्याचा क्रमांक. चार आकड्यांनी सुरू होणारी ती लांबलचक संख्या लोक रद्दी समजून सोडून देतात. खरं तर आपल्या गावागावांत हे आकडे तोंडपाठ असतात, फक्त अर्थ माहीत नसतो. ‘हा रस्ता पंचवीस-पंधरातला’ असं म्हणतात ना, ते २५१५ म्हणजे ग्रामविकासाचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात. ३०५४ आणि ५०५४ ही दोन्ही रस्ते-पुलांची, पण २ किंवा ३ ने सुरू होणारं शीर्ष महसुली खर्चाचं आणि ४ किंवा ५ ने सुरू होणारं भांडवली खर्चाचं. म्हणून ३०५४ मध्ये डागडुजी, देखभाल आणि ५०५४ मध्ये नवीन काम, सुधारणा. सरपंचांनी ‘नवा रस्ता मंजूर’ म्हणून नारळ फोडला आणि कागदावर ३०५४ असेल, तर खड्डे बुजवण्यापलीकडे काय होणार ते सभेत विचारायला हरकत नाही. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० आरोग्य, २२३५ सामाजिक सुरक्षा व कल्याण. एवढे चार-पाच आकडे पाठ केलेत तरी पुरे.

आणि लेखाशीर्षच नसेल तर? सगळ्याच जीआरला पैसे लागत नाहीत. कार्यपद्धतीचे असतात, समित्या नेमण्याचे असतात. पण लाभ देणारा जीआर आहे, भाषा मोठी आहे, आणि वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक नाही की लेखाशीर्ष नाही, तर मी लोकांना अर्ज करा म्हणते, पण हातउसने घेऊ नका असंही म्हणते. ‘उपलब्ध तरतुदीच्या अधीन राहून’ हे शब्द दिसले तर तोच सल्ला. तरतूद संपली की तुम्ही पात्र असूनही वाट बघायची.

मग वर जा, ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या यादीकडे. आधीचे जीआर तिथे तारखेसह दिलेले असतात. एकही जीआर एकटा वाचू नये, कारण त्याच्या आधी काहीतरी असतं आणि पुढच्या आठवड्यात शुद्धिपत्रक किंवा पूरकपत्र निघू शकतं. लाडकी बहीण योजनेचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. पहिला शासन निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात वयाची अट २१ ते ६० होती, अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत होती, अधिवास प्रमाणपत्र होतं आणि पाच एकरांपेक्षा जास्त शेती नको अशी अट होती. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात यातलं बरंच बदललं. वय ६५ पर्यंत गेलं, मुदत ३१ ऑगस्ट झाली, शेतीची अट गेली, अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालेल असं झालं.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी बासष्टीच्या. त्या एका खिडकीवर जाऊन ‘वय बसत नाही’ ऐकून परत आल्या आणि विषय संपला म्हणून बसल्या. मी त्यांच्या नातीला म्हटलं, खिडकीवरच्या बाईंना विचारून ये, त्यांच्यासमोर कुठल्या तारखेचा कागद आहे. जूनचाच होता. भिंतीवर चिकटवलेला, कोपरे दुमडलेला, वर पेनाने ‘महत्त्वाचे’. नव्याची प्रिंट नेऊन दिली, मॅडमनी शांतपणे जुन्यावर चिकटवली आणि अर्ज घेतला. भांडणाची वेळच आली नाही. माझा अनुभव असा की खिडकीवरची निम्मी भांडणं दोन वेगवेगळ्या तारखांचे कागद घेऊन होतात.

नवीन जीआरने जुन्याचं काय केलं, तेही बघा. ‘अधिक्रमित करून’ असेल तर जुना संपला. ‘सुधारणा करण्यात येत आहे’ असेल तर जेवढं बदललं तेवढंच बदललं, उरलेला जुना जिवंत. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात.

प्रस्तावना वाचा, पण भरभर. तिथे कधी कोर्टाचा आदेश असतो, कधी केंद्राची योजना, म्हणजे कागद का निघाला हे कळतं. हक्क तिथे नसतो. प्रस्तावनेत ‘महिलांना सक्षम करण्यासाठी’ वगैरे लिहिलेलं दाखवून खिडकीवर काही मिळत नाही.

खरा मजकूर क्रमांक घातलेल्या मुद्द्यांत. तिथे पेन्सिल घेऊन बसा आणि क्रियापदांखाली रेघ ओढा. ‘करावे’, ‘बंधनकारक राहील’ असेल तर अधिकाऱ्याला ते करायचंच आहे. ‘करता येईल’ असेल तर मर्जी त्याची. ‘शक्यतो’ दिसलं की फार आशा धरू नका. दुसरी रेघ तारखेखाली. आईच्या नावाचा जीआर घ्या, १४ मार्च २०२४ चा. नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांत आला. कित्येकजण मोठ्या मुलांचे दाखले घेऊन शाळेत धावले. पण तो १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आहे, आणि ते जीआरमध्येच लिहिलेलं आहे. ती एक ओळ वाचली असती तर फेरी वाचली असती. जाता जाता, निर्णय मला मनापासून पटतो. आमच्या पिढीच्या सर्व्हिस बुकात आई कुठेच नाही.

जीआर आणि कायदा यांत गल्लत नको. जीआर हा प्रशासनाचा निर्णय. विधिमंडळाच्या अधिनियमाने किंवा राजपत्रात अधिसूचनेने आलेल्या नियमाने दिलेलं तो काढून घेऊ शकत नाही. परिपत्रक बहुतेक वेळा सूचना देणारं किंवा आठवण करून देणारं असतं.

कार्यालयात जाताना पूर्ण जीआरचा गठ्ठा नेऊ नका. पहिलं पान, तुमच्या मुद्द्याचं पान, सहीचं पान, बस. मुद्द्याला खूण करा आणि म्हणा, ‘भाऊसाहेब, हा मुद्दा जरा बघता का?’ नकार आला तर वाद न घालता लेखी अर्ज द्या, त्यात जीआरचा क्रमांक, तारीख आणि मुद्दा क्रमांक घाला. दोन प्रती करा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. नुसता गोल शिक्का म्हणजे पोच नव्हे. क्रमांक नसेल तर तुमचा अर्ज रजिस्टरला चढलेला नाही.

सेवा अधिसूचित, म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेली, असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ तुमच्या बाजूने आहे. सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर तो) आणि अपिलाचा अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील. बाकी फायलींसाठी २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे, त्यात एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाइल अडकू नये असं म्हटलंय. त्याचा नुसता उल्लेख अर्जात केला तरी कधी कधी फाइल हलते. नेहमी नाही.

आणि ‘आमच्याकडे आलेलं नाही’ची युक्ती. माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात तो एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. ‘अंमलबजावणी का केली नाही?’ असं विचारू नका. कारणं मागितली की उत्तर टाळता येतं. कागद मागा. मी लोकांना हा मजकूर लिहून देते : ‘शासन निर्णय क्रमांक अमुक, दिनांक अमुक, आपल्या कार्यालयास प्राप्त झाल्याची आवक नोंदवहीतील नोंद, तो ज्या कर्मचाऱ्याकडे सोपवला त्याचे पदनाम आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ उत्तराला ३० दिवस, पानाला दोन रुपये. अर्ज पोचल्यावर आवक-जावकवाली बाई रजिस्टर काढून तारीख बघते, आणि पुष्कळदा तो जीआर त्याच आठवड्यात संबंधित टेबलावर सापडतो.