पार्सलचं भाडं जास्त लावलं तर
महाल भागातल्या आमच्या घरी एका साइटवरून ऑनलाइन मागवलेली पितळी समई आली. विक्रेत्याने डाकखर्च म्हणून २४० रुपये घेतले होते, पण खोक्यावरच्या स्पीड पोस्टच्या चिठ्ठीवर रक्कम होती ११८. खोकं फेकायच्या आधी त्या चिठ्ठीचा फोटो काढा. वजन, तारीख, रक्कम नीट वाचता यावी. पॅकिंगला पैसे लागतात हे मान्य करा, पुठ्ठा फुकट येत नाही. पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे डिलिव्हरी खर्चासकट किमतीची फोड आधीच दाखवावी लागते. विक्रेत्याला लेखीच विचारा, फोनवर नको. मला तिथेच ९० रुपये परत मिळाले. तो गप्प बसला तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा: ४८ तासांत पोच, महिन्यात निवारण. तरीही नाही झालं, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.