बालविभाग सांभाळताना या चुका टाळा

सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात बिघडतं ते बहुतेकदा एकाच ठिकाणी: मूल पुस्तक निवडत असतं आणि मोठं माणूस मध्ये पडतं. पुष्कळदा ते मोठं माणूस ग्रंथपालच असतं.

मूल म्हणतं, "काहीतरी चांगलं द्या." आपण लगेच आपल्या लहानपणीचं आवडतं पुस्तक काढून देतो, आणि ते न वाचताच परत येतं. "तुला काय वाचायला आवडतं?" हा प्रश्नही फारसा कामाचा नाही, कारण जे वाचतच नाही त्याच्याकडे उत्तर नसतं. त्यापेक्षा शेवटी कुठला सिनेमा किंवा खेळ आवडला आणि त्यातलं नेमकं काय आवडलं, ते विचारा. "चोर कोण ते शेवटपर्यंत कळत नाही" असं उत्तर आलं की धागा मिळाला. मग तीन-चार पुस्तकं समोर ठेवा, प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं सांगा आणि बाजूला व्हा. हे बाजूला होणंच सगळ्यात अवघड असतं. आवडलं नाही तर अर्ध्यावर परत आणलं तरी चालतं, हेही आवर्जून सांगा.

पुस्तकावर 'वय ८ ते १०' अशी पट्टी चिकटवू नका. वाचन जड जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला असं पुस्तक हातात धरायचीच लाज वाटते. उलट सहा वर्षांच्या मुलीला डायनोसॉरचा जाडजूड कोश चित्रांसाठी हवा असतो. तो तिला नेऊ द्या. पुस्तक झेपेल का, अशी शंका मुलालाच आली तर मधलं एखादं पान वाचून पाहायला सांगा. पाचेक शब्द अडले तर ते जरा कठीण आहे, एवढंच. तरी हवं असेल तर द्या.

पालक म्हणतात, "कॉमिक्स नको, खरं पुस्तक घे." मुलासमोर त्यांना खोडून काढू नका. दोन्ही नेता येतात, असं सुचवा. चित्र आणि मजकूर जुळवून अर्थ लावणं हेही वाचनच आहे, हे नंतर निवांत बोलता येतं.

कुमारवयीन मुलं येत नाहीत ही तक्रार बहुतेक ठिकाणी असते. आधी त्यांचं कपाट कुठे आहे ते पाहा. चित्रपुस्तकांना खेटून, बुटक्या खुर्च्यांपाशी असेल तर चौदा वर्षांची मुलगी तिथे बसणार नाही. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या (इफ्ला) २०१८ च्या मार्गदर्शक सूचना ० ते १८ वयोगटासाठी आहेत. या वयाला जागा देणं आपल्या कामातच येतं. खरेदीच्या रकमेतला छोटा वाटा त्यांनाच ठरवू द्या. शरीर, नातेसंबंध, मानसिक आरोग्य यांवरची पुस्तकं कुणाला न विचारता हाताला लागतील अशी ठेवा. असा प्रश्न कुणी विचारलाच तर तो मोठ्याने परत म्हणू नका. मुलाने काय नेलं हे पालकांना किती सांगायचं, याचा लेखी नियम आधीच ठरलेला हवा.

गोष्टीच्या तासाला गोंधळ होत असेल तर सर्वांत लांब गोष्ट आधी घ्या आणि मध्ये हातवाऱ्यांची गाणी घाला.

नवी पुस्तकं घेऊनही देवघेव वाढत नसेल तर जुनी बाद करायची राहिली असतील. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारं पुस्तक २००६ पासून चुकीचं आहे, तरी अनेक कपाटांत ते टिकून असतं. गच्च फळीवर मुलाला काहीच दिसत नाही. खच काढा आणि काही मुखपृष्ठं दर्शनी ठेवा.

आणि दंड. पुस्तक हरवलं की मूल घाबरून यायचंच बंद होतं, आणि ज्या घरात पैशांची ओढाताण असते तिथलं मूल सर्वांत आधी. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये ठराव करून अशा दंडाला सामाजिक विषमतेचा प्रकार म्हटलं. मुलांच्या खात्यावर उशिराचा दंड लावू नका. हरवलेल्या पुस्तकाच्या बदल्यात चांगल्या अवस्थेतलं दुसरं पुस्तक स्वीकारा. बंद पडलेली खाती शोधून त्या घरांना पत्र पाठवा आणि पत्रात रकमेचा उल्लेखही करू नका.