रोजच्या धावपळीत ईमान कसं जपायचं

रमजान संपला की जोश उतरतो, सगळ्यांचंच होतं, म्हणून एकदम मोठं काही ठरवूच नका, थोडं पण रोज केलेलं अमल, म्हणजे चांगलं काम, अल्लाहला जास्त आवडतं असं हदीसमध्येच (पैगंबर साहेबांच्या वचनांत) आहे. फर्ज (सक्तीच्या) नमाजचा सलाम फिरवला, म्हणजे नमाज संपली, की लगेच मोबाईल न काढता तिथंच बसून 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर, बोटांवर मोजत, नुसतं पुटपुटू नका मात्र.

राग आला तर उभे असाल तर बसा, तरी नाही गेला तर आडवे व्हा, हे पैगंबर साहेबांनीच सांगितलंय, आणि खरंच आडवं पडून भांडता येत नाही, बघा करून.

सगळ्यात अवघड गीबत टाळणं, म्हणजे कुणाच्या पाठीमागे त्याचं वाईट बोलणं. कुराणातल्या सूरह हुजुरातच्या 12व्या आयतीत तिला मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखं म्हटलंय, तरी दावतीत बिर्याणीसोबत तेच चालू असतं. "पण मी खरंच बोलतोय ना" असं म्हणू नका, खरं असतं म्हणूनच ती गीबत, खोटं असेल तर बोहतान (खोटा आळ), म्हणजे अजून वाईट. सरळ विषय बदला, मॅचचं काढा.

आणि सदक्याला, म्हणजे दानाला, पैसेच लागतात असं नाही, रस्त्यातला काटा-दगड बाजूला केला तरी सदका, तेव्हा जुम्म्याला (शुक्रवारच्या नमाजला) दुसऱ्याच्या गेटसमोर गाडी लावून पळू नका.